बावीस हुकांची साक्ष

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे खरोखरचा साष्टांग गेल्या वर्षापासून बंद आहे, म्हणून कागदावर घातला.) तुझी मान कशी आहे? मशीनवर बसताना पाठीशी उशी घेतेस की अजून "मला काही होत नाही" याच औषधावर आहेस? भावोजींचा खोकला बरा झालेला दिसतो, कारण परवा दार उघडून "ती घरात नाही" असं सांगताना ते एकदाही खोकले नाहीत. आतून मशीनचा आवाज मात्र येत होता. आता तू घरात नाहीस, लेक तालमीला गेलेली, आणि भावोजींना सुईत दोरा ओवता येत नाही हे सगळ्या खानदानाला ठाऊक. तेव्हा मशीन आपलं आपणच चालत असावं असं मी समजून घेतलं आणि जिना उतरलो. इकडे मी ठीक आहे. कपडेपटही ठीक आहे, फक्त हल्ली माझ्याकडे पाठ करून हसतो.

तेवीस दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. मी मोजत बसलेलो नाही, पण माझ्या टेबलासमोरच कॅलेंडर लावलंय, त्याला मी काय करणार? शेवटचा फोन तूच ठेवलास. ठेवण्याआधी विचारलंस, की यादीत माझ्या लेकीचं नाव घातलं नाहीस ते राहू दे, पण तू तिचं नाटक एकदा तरी बघितलंस का? आणि मी (आता लिहितानाही कान गरम होतात) मोठ्या तोऱ्यात म्हणालो, मी कुणाचंच नाटक बघत नाही, तो माझा नियम आहे. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पलीकडे फोन ठेवल्याची टक्क ऐकू आली. तू ओरडलीस तर मला भीती वाटत नाही ताई, तू गप्प बसलीस की वाटते. म्हणून हे पत्र. पत्राचा एक फायदा असतो, माणूस बोलत असताना ते कुणी खाली ठेवू शकत नाही. (ठेवू शकतं म्हणा. पण मग उत्सुकता वाटून परत उचलावंच लागतं, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे.)

आरोपीने आधी आपली ओळख द्यायची असते, म्हणून तुला पाठ असलं तरी लिहितो. मी तुझा एकुलता एक धाकटा भाऊ, वय चोपन्न, गेली सव्वीस वर्षं कपडेपटात. गावातल्या सातही संगीत नाट्यगृहांचे पोशाख शिवायला, धुवायला आणि दुरुस्तीला आमच्याकडेच येतात, त्यामुळे दर सोमवारी सगळ्या नटनट्यांची अख्ख्या आठवड्याची मेहनत माझ्या टेबलावर ढीग होऊन पडते. वार्षिक संगीत नाटक पुरस्कारांच्या आधी कोणाला नामांकन मिळणार आणि कोण जिंकणार याच्या पैजा गावभर लागतात. त्यात नाटक बघून अंदाज करणारे पुष्कळ. पण नाटक बघितलं की मन वाहवतं. कुणाचे डोळे आवडतात, कुणाचा आवाज लहानपणच्या मास्तरांसारखा वाटतो, झालं, न्याय गेला खड्ड्यात. मी कपडे बघतो. जी बाई पोटातून श्वास घेऊन गाते तिचे कमरेचे हूक उडतात. जी नुसती गळ्यातून गाते तिचे हूक म्हातारपणापर्यंत जसेच्या तसे. जो नट खरोखर कोसळतो त्याची विजार गुडघ्यावर विरते, जो जपून कोसळतो त्याची मांडीवर चुरगळते. आणि काखेची शिलाई उसवली की समजावं, या माणसाने हात नुसते हलवले नाहीत, कुणाला तरी बोलावलं. प्रमुख नट, प्रमुख नटी, सहायक नट, सहायक नटी, चारही गटांत पाच-पाच नावं, अशी माझी पहिली यादी नामांकनांच्या आठवडाभर आधी इस्त्रीच्या टेबलामागच्या भिंतीवर लागते. विजेत्यांची दुसरी यादी लागते सोहळ्याच्या दोन दिवस आधी. अकरा वर्षांत चव्वेचाळीस विजेत्यांपैकी एकोणचाळीस बरोबर. (पाच चुकले, त्यातले दोन परीक्षकांचे चुकले असं माझं अजून मत आहे.)

कीर्ती वाईट असते ताई. पद्धत बाहेर फुटली आणि नट मंडळी कामाला लागली. एका सद्गृहस्थाने गुडघ्यावर वीट घासून विजार पाठवली, तिच्यात विटेचा चुरा तसाच. दुसऱ्याने कोटाची काख कात्रीने कापली, आणि वर मला सांगतो की तिसऱ्या अंकात भावना अनावर झाल्या. अरे, फाटलेलं आणि कापलेलं यातला फरक तू मला शिकवणार? फाटलेल्या कापडाचे दोरे बाहेर येतात, कापलेल्याचे येत नाहीत, हे मला ताईने मी नऊ वर्षांचा असताना शिकवलंय. (हे मी त्याला खरंच सांगितलं, तुझं नाव घेऊन. तो म्हणाला, तुमच्या ताईंना एकदा भेटायला हवं. मी म्हटलं, सध्या मलाच भेटत नाहीत.) त्या दोघांची नावं मी यादीतून काढली. परीक्षकांनीही त्यांना नामांकन दिलं नाही. तेव्हापासून कपडेपटात माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, आणि अतिशहाण्याच्या बैलाचं पुढे काय होतं ते तू जाणतेसच.

आता यंदाचं सांगतो. आपलं शेंडेफळ, म्हणजे तुझी धाकटी लेक आणि माझी भाची, यंदा पहिल्यांदा मोठ्या भूमिकेत उभी राहिली. धाकट्या भावाला परगावी पाठवणाऱ्या थोरल्या बहिणीची भूमिका, दोन गाणी, गट सहायक नटी. तिचा राखाडी झगा मीच शिवला. पाठीवर बावीस हूक, आणि बावीसच्या बावीस मी माझ्या हाताने लावले. त्यांचं नाट्यगृह लहान, तिथे पोशाख ठेवायला कपाट नाही, म्हणून शनिवारचा खेळ झाला की ती झगा घरी न्यायची आणि सोमवारी सकाळी स्वतः आमच्याकडे आणून द्यायची. चौदा सोमवार मी तो झगा उलटा करून, भिंगातून, अस्तरासकट बघितला. एक हूक ढिला नाही. काख शाबूत. घेराला साधा टाचेचा ओरखडा नाही. मला आधी कौतुक वाटलं (शिलाईचं, म्हणजे माझं), मग काळजी वाटली, आणि मग मी कठोर झालो. म्हटलं, पोरगी जपून काम करते, श्वास वरच्या वर घेते. तिच्याच गटात पलीकडच्या नाट्यगृहातल्या त्या मोठ्या आवाजाच्या बाई होत्या. त्यांच्या पोशाखाचे आठवड्याला अकरा-अकरा हूक उडत होते, आणि एकदा तर वादकांच्या खड्ड्यात पडलेला हूक व्हायोलिनवाल्याने पाकिटात घालून परत पाठवला होता. मी चार नावांखाली पाचवं नाव त्या बाईंचं लिहिलं आणि यादी भिंतीला लावली. कुणी म्हणायला नको की मामाने भाचीला आत घुसवली.

शेंडेफळ त्याच दिवशी आलं. इस्त्रीच्या वाफेत उभं राहून तिने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. रागावली असती, फुगली असती, तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "बरोबर आहे मामा तुझं. अजून खूप शिकायचंय मला." आणि माझ्या खांद्यावरची टाचणी काढून तिने माझ्याच हातात दिली, बोचेल म्हणून. ताई, तू दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर मला एवढं लागलं नसतं. दुसऱ्याच दिवशी तुझा फोन आला, आणि पुढचं तुला माहीतच आहे.

नामांकनं जाहीर झाली त्या दुपारी कपडेपटात रेडिओ लावला होता. मी सेनापतीच्या पांढऱ्या विजारीला इस्त्री करत होतो. पहिले तीन गट जवळजवळ माझ्याच यादीबरहुकूम वाचले गेले, लोक माना डोलावत होते, मीही जरा फुशारलो होतो. मग सहायक नटी. पहिलं नाव माझं, दुसरं माझं, तिसरं माझं, आणि चौथं नाव आपल्या शेंडेफळाचं. कपडेपटात चौदा माणसं आहेत, चौदाही माझ्याकडे वळली. मी इतका आनंदलो आणि इतका शरमलो की या दोन्हीत हातातल्या इस्त्रीची आठवणच राहिली नाही. आठवण झाली ती वासाने. सेनापतीच्या विजारीवर, अगदी बसतो त्याच जागी, इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला, टोकासकट. दुसरी विजार नव्हती. त्या संध्याकाळी सेनापतीने पूर्ण नाटकात प्रेक्षकांकडे पाठ केली नाही. रणांगणातून माघार घेतानासुद्धा तो मागे-मागे चालत गेला. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षणात आलं, "पराभवातही शत्रूला पाठ न दाखवणारा सेनापती." (त्यालाही नामांकन आहे. मला भेटून हात हातात घेऊन गेला.) मोठ्या आवाजाच्या बाईंचं नाव मात्र पाचातही नव्हतं, पन्नासातही नसावं.

तेव्हा मी शोध घेतला. आमच्याकडे मोजमापाची एक जुनी टेप आहे, तिचा पहिला इंच तुटलेला. सगळ्या कपडेपटाला ठाऊक आहे की या टेपने मोजलं की आकड्यातून एक वजा करायचा. बाईंचं माप मी घेतलं आणि नियमाप्रमाणे एक वजा करून वहीत लिहिलं. कापड कापलं कातरकाकूंनी. (आमच्या कटर बाई. बावीस वर्षं कापतायत, मोजून बोलतात, कापून मोकळ्या होतात.) वहीतलं माप त्याच टेपचं दिसल्यावर त्यांनीही सवयीने एक वजा केला. म्हणजे तो पोशाख बाईंना सबंध एक इंच लहान झाला होता. ती माऊली पोटातून श्वास घेत नव्हती गं, श्वास मिळावा म्हणून झगडत होती. तिचे हूक कलेने उडत नव्हते, आमच्या वजाबाकीने उडत होते. मी तिला जाऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं वयामुळे दम लागतो, मी तर गाणं सोडायचं ठरवलं होतं." मी दोन दिवसांत पोशाख सैल करून दिला. आता ती सुरेख गाते म्हणतात, पण यंदाची संधी गेली ती गेलीच, आणि हा माझ्या डोक्यावरचा दुसरा अपराध.

पहिला अपराध उघड झाला त्यापुढच्या सोमवारी. शेंडेफळ झगा घेऊन आलं आणि टेबलावर ठेवून गुपचूप निघालं. मी झगा उलगडून उलटा केला. सात हूक गायब, दोन लोंबकळत, डावी काख उसवलेली, घेरात टाच जाऊन वीतभर फाटलेलं. मी धावत जिन्यापर्यंत गेलो. म्हटलं, अगं, आजच काय झालं? ती म्हणाली, "आजच काय, दर आठवड्याला एवढंच होतं. आई रविवारी बसून नीट करते. काल म्हणाली, तुझ्या मामालाच लावू दे हूक." एवढं सांगून ती हसली, आणि ते हसू थेट तुझं होतं, ओठ मिटून.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर खरोखरच काखेत होता. मी परत येऊन भिंग घेतलं. चार वेढे, मग दोरा अस्तराच्या आतून फिरवून गाठ घडीत लपवलेली. मी चौदा आठवडे ती शिलाई बघत होतो आणि माझी समजत होतो! तुझी आणि माझी शिलाई वेगळी ओळखू येणार कशी? मला शिकवली तूच. आणि आपल्या आईचा नियम तुला माझ्यापेक्षा जास्त पाळता येतो हे मी कसं विसरलो, की दुसऱ्याच्या हाती जाणारा कपडा धुऊन, सांधून, घडी घालूनच जावा? बाकी सहा नाट्यगृहांतल्या नट्यांच्या आया असं काही करत नाहीत. (एक नवरा करतो, पण त्याचे टाके वीतवीतभर असतात, मला लांबूनच ओळखू येतात.) म्हणजे पोरगी चौदा आठवडे अंगावरचा झगा फाडून गात होती, तू तो बेमालूम सांधत होतीस, आणि मी त्याचंच प्रमाणपत्र करून तिला यादीबाहेर ठेवलं. दिवा आपल्याच घरचा, आणि अंधारही.

त्यानंतरच मी तुझ्याकडे आलो होतो. भावोजींशी दारातच बोललो. त्यांचं नेहमीप्रमाणे, तुझंही बरोबर आणि तिचंही बरोबर. दोऱ्याच्या रिळांची पिशवी तुला द्या म्हणून त्यांच्या हाती ठेवली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. पण ताई, आत सगळी रिळं रंगांप्रमाणे लावलेली होती, फिक्यापासून गडदपर्यंत. तेव्हा मला वाटलं राग निवळला. मग तळाशी तुझी चिठ्ठी सापडली, "गुलाबी संपत आलाय." बस्स. ना ताई, ना सही. मी ती चिठ्ठी शेजारच्या टेबलावरच्या इस्त्रीबुवांना दाखवली, कातरकाकूंना दाखवली. इस्त्रीबुवा म्हणाले हा समेट आहे. काकू म्हणाल्या, हा फक्त गुलाबी दोरा आहे.

आता मुद्द्याचं. येत्या रविवारी सोहळा, आणि उद्या शुक्रवार, दुसरी यादी लावायचा दिवस. तीन गटांचे विजेते मी लिहून ठेवलेत. सहायक नटीचा गट मोकळा आहे. त्यात पोटमाळ्यावरचं गाणं गाणारी एक उंच बाई जोरात आहे, हंगामात तिचे एकशे एकतीस हूक उडाले, वहीत नोंद आहे. आपल्या शेंडेफळाचा आकडा माझ्याकडे नाही, कारण तो तुझ्याकडे आहे. तेव्हा माझी एवढीच नम्र विनंती, की हंगामात तू एकूण किती हूक लावलेस, काख किती वेळा सांधलीस आणि घेर किती वेळा, हे आठवून एका कागदावर लिहून भावोजींबरोबर पाठव. अंदाजे चालणार नाही. यात भाऊ-बहीण, राग-लोभ काही आणू नकोस, हे शास्त्र आहे.

लोभ वाढावा असं लिहायचा हक्क सध्या माझ्याकडे नाही. राग आहे, तो आहे त्यापेक्षा वाढू नये, ही विनंती. भावोजींना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक (होऊ पाहणारा) धाकटा भाऊ

ता. क. गुलाबी दोऱ्याची सहा रिळं सोबत. फिका, मध्यम आणि गडद, दोन-दोन.

पुन्हा ता. क. हूक मोजू नकोस. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी खोड तू लहानपणापासून बघतेस, आताही ओळखली असशीलच. यादी उद्या नाही, आजच सकाळी लावली. चौथ्या गटात शेंडेफळाचं नाव लिहिलंय, एकही हूक न मोजता. कातरकाकूंनी विचारलं, आधार काय? मी म्हटलं, आधार नाही. अकरा वर्षांची अब्रू जायची असेल तर जाऊ दे, तिने माझं असं काय भलं केलं होतं?

आणखी एक, आणि हे शेवटचं. हे वर लिहायला हवं होतं, पण तिथे हात अडला. मी कुणाचं नाटक बघत नाही हे खरं, पण तिचं बघितलंय. चार वेळा. बाल्कनीत, शेवटच्या रांगेत, खांबाआड, टोपी घालून. पहिल्यांदा गेलो तो झग्याचा घेर लांबून कसा पडतो ते बघायला. दुसऱ्यांदा गेलो कारण पहिल्यांदा खांब आड आला होता. पुढच्या दोन वेळांना काही कारण नव्हतं. दुसऱ्या अंकात ती भावाची ट्रंक भरते, गाता गाता. शर्टाची सगळी बटणं आधी वरपर्यंत लावते, बाह्या मागे वळवते, कॉलरवरून अंगठा फिरवते, आणि घडी झाल्यावर ती लगेच आत ठेवत नाही, क्षणभर पोटाशी धरते. मी सतरा वर्षांचा असताना घर सोडलं त्या सकाळी माझी ट्रंक तू अशीच भरलीस. तिने ते तुझ्याकडून कधी उचललं कोण जाणे, तिचा तर तेव्हा जन्मही नव्हता. तू तिचं नाटक पाहिलंस तेव्हा तुला कळलं नसेल, कारण ट्रंक भरताना तू स्वतःला कधी बघितलेलं नाहीस. मी बघितलंय. चारही वेळा मी त्या खांबाआड रडलो आहे, नाक शिंकरलं तर पुढची माणसं वळून बघायची. आणि सोमवारी टेबलावर शाबूत हूक बघितले की मी स्वतःला म्हणायचो, हे मामाचे डोळे आहेत, यांचं ऐकू नकोस. मी माझ्या डोळ्यांपेक्षा हुकांवर विश्वास ठेवला, आणि पोरीला वाटतंय मामा कधी आलाच नाही. तू फोनवर विचारलंस तेव्हा खरं सांगायला हवं होतं. लाज वाटली, ताई. मी आलो होतो एवढं तिला तू सांगशील का? मला तोंडाने जमणार नाही. तिने मला रविवारचा पास दिलाय, तुमच्याच रांगेतला, पण टोकाचा. भावोजींना त्या टोकाच्या खुर्चीवर सरकायला सांग, मला तुझ्या शेजारी बसायचंय.